एकच मशीन घ्यायचं तर रोटरी की ऑर्बिटल?

प्रश्न तासगावहून आलाय. विचारणाऱ्यांचं रस्त्यालगत वॉशिंग सेंटर आहे आणि आता त्यांना पॉलिशिंगचं काम सुरू करायचंय. पैसे एका चांगल्या मशीनपुरतेच आहेत. पहिलं गिऱ्हाईकही तयार आहे. काळी एसयूव्ही, पाच-सहा वर्षांची, रंग कंपनीचाच. उन्हात बॉनेटवर गोल गोल जाळी दिसते आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर एक खोल ओरखडा आहे. सांगलीतल्या एका पेंटरने त्यांना सांगितलं, रोटरीच घ्या, डीएनं (ड्युअल अॅक्शन, म्हणजे ऑर्बिटलच) काही निघत नाही. पुण्याच्या एका डिटेलरने, म्हणजे गाड्यांचं पॉलिशिंग-सफाई करणाऱ्याने, सांगितलं, रोटरीला हातच लावू नका. आता ऐकायचं कुणाचं?

माझं उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. तुम्ही १५ मिमी ऑर्बिटची, पाच इंची बॅकिंग प्लेटची (पॅड जिच्यावर चिकटतो ती चकती) डीए घ्या. तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या कंपनीच्या रंगाच्या असणार आणि त्यांवरचं काम म्हणजे जाळी काढणं आणि चमक आणणं. ते काम डीए पूर्ण करते. पुढे तुम्ही डेंटिंग-पेंटिंगही सुरू केलंत किंवा पेंटरकडून आलेल्या ताज्या रंगाच्या गाड्या घ्यायला लागलात, तर रोटरीही लागेल. ती दुसरं मशीन म्हणून घ्या. पेंटर खोटं बोलत नाही. तो रोज जे काम करतो त्या कामाबद्दल बोलतोय आणि ते काम तुमच्या कामापेक्षा वेगळं आहे.

आता कारणं. आधी पत्र्यावर काय काय असतं ते बघू, कारण मशीनची निवड तिथूनच ठरते. कारखान्यात पत्र्याला सगळ्यात आधी इलेक्ट्रोकोट लागतो, साधारण २० मायक्रॉनचा. त्यावर ३०-३५ मायक्रॉन प्रायमर, मग १५-२० मायक्रॉन रंग आणि सगळ्यात वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, ३५ ते ५० मायक्रॉन. सगळं मिळून कंपनीच्या गाडीवर १०० ते १४० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे तुम्ही ज्याच्यावर मशीन चालवणार तो थर केसापेक्षाही पातळ आहे. जाळी त्याच थरात असते. पॉलिशनं ओरखडा भरत नाही. ओरखड्याच्या दोन्ही बाजूंचं क्लिअर त्याच्या तळापर्यंत खाली आणलं की तो दिसेनासा होतो, इतकंच. प्रत्येक पॉलिशला क्लिअर थोडं कमी होतं आणि गेलेलं क्लिअर गाडीला परत मिळत नाही.

हे मी इतकं ठासून सांगतो, कारण क्लिअरचं काम फक्त चमक देणं नाही. उन्हातले अतिनील किरण अडवणारं रसायन त्यातच मिसळलेलं असतं. थर पातळ झाला की त्या वेळी कुणाला काही कळत नाही, गाडी उलट आरशासारखी दिसते. मग दोन-तीन उन्हाळे जातात आणि टपावर, बॉनेटवर पांढुरके डाग येऊन पापुद्रे सुटायला लागतात. तिथून पुढे कुठलंही कंपाउंड (घासून कापणारी पेस्ट) चालत नाही, पॅनल रंगवावाच लागतो. साध्या पॉलिशला साधारण एक-दोन मायक्रॉन जातात, जोरदार कटिंगला त्याहून जास्त. कंपनीच्या रंगातून गाडीच्या सगळ्या आयुष्यात मिळून ८ मायक्रॉनच्या पुढे जायचं नाही, हा नियम मी पाळतो. त्यामुळे कुठलं मशीन जास्त कापतं हा प्रश्न मला गौण वाटतो. समोरच्या गाडीला किती कमी कापून भागेल, हे आधी बघायचं.

म्हणून मशीनच्याही आधी पेंट थिकनेस गेज घ्या. स्टील आणि अॅल्युमिनियम दोन्हीवर चालेल असंच घ्या, कारण आता काही गाड्यांचं बॉनेट अॅल्युमिनियमचं येतं. टप, बॉनेट, चारही दारं, प्रत्येक ठिकाणी चार-पाच आकडे टिपून ठेवा. टपावर ११०, बॉनेटवर ११५ आणि एका दारावर अचानक २३०-२४० आलं, तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. ६००-७०० च्या वर आकडा गेला, तर खाली पुट्टी आहे. ८०-८५ दिसले, तर कुणीतरी आधीच रबिंग मारून क्लिअर खाल्लेलं असू शकतं. तिथे कटिंग नाही, फक्त हलकं फिनिशिंग पॉलिश, आणि गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगायचं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. गेज सगळ्या थरांची एकूण जाडी सांगतं, नुसत्या क्लिअरची नाही. आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर ही गेज चालतच नाहीत.

आता दोन्ही मशीनचा फरक. रोटरीत एकच दांडा. पॅड एकाच मध्याभोवती गरागरा फिरतो, साधारण ६०० ते ३००० आरपीएमपर्यंत. डीएमध्ये पॅड स्वतःभोवती फिरता फिरता एका लहान वर्तुळात हलतो. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे ऑर्बिट: ८, १५ किंवा २१ मिमी. हे सगळ्यांना माहीत असतं. हिशेब मात्र फारसं कुणी करत नाही, म्हणून तो इथे करतो.

सहा इंची पॅड घ्या, म्हणजे १५० मिमी. त्याचा घेर ४७० मिमीच्या आसपास. रोटरी १५०० वर ठेवली, तर पॅडची कड मिनिटाला सातशे मीटर रंगावरून घासत जाते. म्हणजे ताशी ४२ किलोमीटर, सांगली-मिरज रस्त्यावर गाडी चालते त्या वेगाने. आणि त्याच पॅडचा मधला ठिपका जागेवरच असतो, त्याचा वेग शून्य. म्हणजे एकाच पॅडखाली मध्यावर काहीच काम होत नाही आणि कडेला सगळ्यात जास्त होतं. मशीन जरा तिरकं झालं की कडेचा तेवढाच पट्टा रंगावर टेकतो. सगळा दाब आणि सगळी उष्णता त्या दोन बोटं रुंद पट्ट्यात येते. १५ मिमीची डीए ४५०० ऑर्बिटवर चालवली, तर पॅडचा प्रत्येक बिंदू, मधला असो की कडेचा, ताशी साधारण १३ किलोमीटरने हलतो. वर पॅडचं सावकाश फिरणं वेगळं. म्हणजे डीए कमी वेगाने पण सगळीकडे सारखं कापते, आणि रोटरी जास्त वेगाने पण असमान.

रोटरीचे सगळे गुण आणि सगळे धोके या एका हिशेबातून निघतात. होलोग्राम, म्हणजे पॉलिशनंतर उन्हात दिसणारे धुरकट पट्टे, कुठून येतात? पॅडच्या कडेने एकाच दिशेला ओढलेल्या बारीक रेघांतून. दुकानात ट्यूबलाइटखाली त्या दिसत नाहीत, वर कंपाउंडचं तेल असेल तर मुळीच नाही. काळी गाडी दुपारी उन्हात काढा आणि बॉनेटच्या एका अंगाला उभं राहून डोकं हळूहळू हलवा. सूर्याच्या प्रतिबिंबातून दोन्ही बाजूंना धुरकट पट्टे फुटलेले दिसतात, मशीन जिथून जिथून गेलं त्याच वळणाने वाकलेले. तुम्ही सरकलात की तेही सरकतात. माझ्याकडे अशा गाड्या येतात. मालक म्हणतो, पॉलिश केलं तेव्हा मस्त होती, दोन-तीनदा धुतल्यावर अशी झाली. ती धुतल्यामुळे अशी झालेली नसते. आधीपासूनच तशी होती, वरचं तेल धुऊन गेलं आणि खालचं दिसायला लागलं.

दुसरा धोका उष्णतेचा. पत्रा उष्णता पसरवतो, प्लॅस्टिक पसरवत नाही. म्हणून बंपरवर, आरशांच्या कव्हरवर, स्पॉयलरवर रोटरी थोडी जरी एका जागी थबकली तरी रंग मऊ पडतो, ओढला जातो, सुरकुततो. तिसरा धोका कडांचा. बॉनेटची कड, दाराची धार, मडगार्डवरची उठावाची रेघ, इथे कारखान्यातच रंग पातळ बसतो आणि पॅडचा दाब नेमका तिथेच एकवटतो. कंपनीच्या रंगावर नवख्या माणसाच्या हातून पहिला रंग जातो तो बहुतेक इथेच. सगळ्या कडांवर आणि रबरांवर मास्किंग टेप लावा. डीए असली तरी लावा.

मग रोटरी वाईट का? मुळीच नाही. सांगली-मिरजेच्या गॅरेजमधले जुने पेंटर रोटरीवर जे काम करतात ते मी आजही थांबून बघतो. नव्या रंगावर संत्र्याच्या सालीसारखा पोत आलेला असतो, धुळीचे कण बसलेले असतात. ते १५०० आणि मग २००० च्या वॉटर पेपरने पाणी मारत सपाट करतात, सगळा पॅनल राखाडी, मॅट दिसायला लागतो. त्यावर लोकरीचा पॅड लावून रोटरी. चार हातांत खालून काच वर आल्यासारखा रंग उघडतो. वॉटर पेपरच्या त्या रेघा डीएनेही निघतात, पण प्रत्येक पॅनलला वेळ कितीतरी जास्त लागतो आणि दिवसाला तीन-चार पॅनल उरकायचे असतील तर ते परवडत नाही. शिवाय पेंटरनं क्लिअरचे दोन-तीन भरपूर हात मारलेले असतात, म्हणजे कापायला त्याच्याकडे माल असतो. कंपनीच्या रंगावर तुमच्याकडे तो नसतो. पेंटरचा सल्ला त्याच्या जागी बरोबर आहे, तो असा.

रोटरी शिकायचीच असेल, तर कुणाच्या गाडीवर शिकू नका. भंगारवाल्याकडून एखादं बॉनेट आणा, सपाट आणि उठावदार रेघा असलेलं. ८००-१००० आरपीएमवर सुरुवात करा, १५०० च्या वर जायची गरज क्वचित पडते. पॅड रंगावर टेकवूनच ट्रिगर दाबा आणि फिरत असतानाच अलगद उचला. कडेजवळ आलात की पॅडची जी बाजू कडेवरून बाहेर निघते तिथेच भार राहू द्या. पॅड बाहेरून आत येताना कडेवर चढला की ती खरवडतोच. वायर खांद्यावरून पाठीमागे टाका, नाहीतर ती दारावर घासत राहते. आणि रोटरीने कितीही छान काम झालं तरी शेवटचा हात डीएचा द्या, मऊ फोमच्या पॅडने आणि फिनिशिंग पॉलिशने. ज्यांचं काम उन्हात बघावंसं वाटतं ते बहुतेक कारागीर हेच करतात. रोटरीनेच होलोग्राम न ठेवता फिनिश करणारे हात असतात, पण ते थोडे.

आता डीए. तिचा मोठा दोष असा की पॅड थांबतो. बहुतेक डीएमध्ये पॅडला स्वतःभोवती फिरवणारा गिअर नसतो, तो आपोआप फिरतो. जास्त दाबलं, मशीन तिरकं झालं किंवा मडगार्डच्या गोलाईवर गेलं की फिरणं बंद पडतं आणि नुसतं थरथरणं उरतं. आवाज तोच येतो, हाताला तसंच लागतं, पण कापणं जवळपास थांबलेलं असतं. डीएनं काही निघत नाही असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा पॅड थांबलेला असतो. उपाय सोपा आहे. बॅकिंग प्लेटच्या काठावर मार्करने एक जाड रेघ मारा. काम करताना त्या रेघेकडे बघत राहा. ती फिरताना दिसली पाहिजे. जागेवरच थरथरायला लागली की दाब कमी करा किंवा मशीन सपाट करा. गोलाईच्या, निमुळत्या भागांसाठी पुढे एक तीन इंची लहान मशीन घ्या; पाच इंची मशीनला तीन इंची पॅड लावू नका, त्याचं वजन त्या पॅडसाठी जुळवलेलं नसतं आणि ते नुसतं थडथडतं.

ऑर्बिट मोठा तर काम लवकर, हे खरं. २१ मिमीची सहा इंची डीए बॉनेट-टपावर झपाट्याने काम करते, इटालियन रुपेस कंपनीच्या २१ आणि १५ मिमीच्या मशीनमुळे हे आकडे सगळीकडे रूढ झाले. पण आपल्याकडच्या गाड्या बघा. हॅचबॅक, छोट्या सेडान, छोट्या एसयूव्ही. दारं उठावाच्या रेघांनी भरलेली, सपाट जागा थोडी. २१ मिमीचा पॅड तिथे टेकतच नाही. म्हणून पहिली डीए १५ मिमीची. ८ मिमीची स्वस्त मिळते, गोलाईवर थांबतही कमी, पण कापते सावकाश. पाच-सहा वर्षांच्या काळ्या गाडीवर तुमचा अख्खा दिवस जाईल. गिअरने जबरदस्तीने फिरवणाऱ्याही डीए असतात. जर्मन फ्लेक्सची ३४०१ त्यात जुनी आणि नावाजलेली. पॅड थांबत नाही, कापते जास्त, पण हिसकेही देते आणि तापवतेही. पहिलं मशीन म्हणून मी ती सुचवत नाही.

कापण्याची ताकद मशीनपेक्षा पॅड आणि कंपाउंडमध्ये जास्त असते, हे नवखे लोक विसरतात. त्याच डीएला मायक्रोफायबर कटिंग पॅड लावला तर ती रोटरीच्या फोम पॅडच्या जवळपास कापते. मऊ फिनिशिंग पॅड लावला तर कापणं जवळजवळ नाहीच. म्हणून पैसे वाचवायचे तर मशीनच्या नावावर वाचवा, पॅडवर वाचवू नका. एका मोठ्या गाडीला कटिंगचे पाच-सहा पॅड लागतात. भरलेला, तापलेला पॅड कापत नाही, तो चोपडतो. प्रत्येक भाग झाला की नायलॉनच्या ब्रशने किंवा हवेने पॅड साफ करायचा आणि दोन-तीन पॅनलनंतर बदलायचाच. काढलेले पॅड शॅम्पूच्या पाण्यात टाका, त्यात कंपाउंड वाळू देऊ नका.

तुमच्या काळ्या एसयूव्हीकडे येऊ. पहिलं काम मशीनचं नाहीच. गाडी शॅम्पूने धुवा, मग हात फिरवून बघा. धुतलेल्या बॉनेटवर तळहात खरखरीत लागला, तर ते रंगात रुतलेलं आहे, धुऊन निघत नाही. ब्रेकची लोखंडी धूळ असते, मिरज जंक्शनजवळ रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर रेल्वेची बारीक लोखंडी धूळही सापडते. त्यासाठी आयर्न रिमूव्हर (लोखंडी कण विरघळवणारं रसायन) आणि मग क्ले (उरलेले कण ओढून काढणारी मऊ माती). हे न काढता पॅड टेकवला तर ते कण पॅडमध्ये अडकून नवी जाळी घालतात.

आपल्या भागात आणखी तीन गोष्टी बघाव्या लागतात. बोअरच्या जड पाण्याने धुऊन उन्हात वाळवलेल्या गाडीवर पांढरी वर्तुळं बसलेली असतात. क्षारपड पट्ट्यातून येणाऱ्या गाड्यांवर तर काचेवरही दिसतात. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणाची फवारणी सुरू होते, तेव्हा बागेच्या बांधाला उभ्या गाडीवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर पांढरे ठिपके वाळून चिकटतात. तासगावात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त भेटतील. आणि गळीत हंगामात साखर कारखान्याच्या चिमणीची राख. ही राख कोरड्या फडक्याने झटकली की जाळी पडलीच. पाण्याचे आणि चुन्याचे डाग आधी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून, सावलीत, थंड पत्र्यावर मिनिटभर ओला कपडा ठेवून विरघळवा आणि भरपूर पाण्याने धुवा. त्यानंतर जे खड्डे उरतील तेवढेच पॉलिशचे. डाग रसायनानं निघत असेल, तर तो काढायला क्लिअर का कापायचं?

मग टेस्ट स्पॉट. बॉनेटवर दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन टेपने आखा. पहिला प्रयत्न सगळ्यात सौम्य: मध्यम फोम पॅड, फिनिशिंगच्या जवळचं पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, मशीन बंद असतानाच ते चौकोनभर टेकवून घ्या, वेगाच्या पहिल्या नंबरवर पसरवा, मग चार-पाच नंबरवर काम. हात सावकाश, सेकंदाला इंचभर. आधी आडवे पट्टे, मग उभे, प्रत्येक पट्टा मागच्याच्या अर्ध्यावर चढलेला. असे चार ते सहा हात. दाब मध्यम, मार्करची रेघ फिरत राहील इतका. शेवटचे एक-दोन हात जवळजवळ मशीनच्याच वजनाने. पुसा, आयसोप्रोपाइल अल्कोहोल पाण्यात मिसळून ते मारा आणि पुन्हा पुसा. हे चुकवू नका, कारण तेल राहिलं तर अर्धी जाळी लपलेली असते आणि तुम्हाला काम झालं असं वाटतं. टॉर्चने बघा, शक्य असेल तर गाडी उन्हात काढून बघा.

सत्तर-ऐंशी टक्के जाळी गेली असेल, तर तिथेच थांबा आणि सगळी गाडी तशीच करा. नाही गेली, तर आधी पॅड बदला, नंतर कंपाउंड. एका वेळी एकच गोष्ट बदला म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं. कंपनीच्या नावावरून रंग मऊ की कडक हे ठरवू नका, एकाच कंपनीच्या दोन रंगांत फरक पडतो. मऊ काळ्या रंगावर मायक्रोफायबर पॅडने कटिंग केलं, तर तोच पॅड धुरकट चरे ठेवतो. मग फोमने दुसरा हात द्यावाच लागतो. शंभर टक्के जाळी काढायचा हट्ट रोज वापरातल्या गाडीवर करू नका. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी जितकं क्लिअर जातं, तितकं आधीच्या ऐंशीला गेलेलं नसतं.

एप्रिल-मे मध्ये दुपारी पत्रा इतका तापतो की कंपाउंड पसरायच्या आधीच वाळतं आणि पांढरी पावडर उडते. सकाळी लवकर सुरू करा, शेडमध्ये, आणि जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवून घ्या. कामाच्या मध्ये तळहात पॅनलवर ठेवून बघत जा. हात ठेवता येत नसेल, तर त्या पॅनलला थांबवा आणि दुसऱ्याकडे जा. प्लॅस्टिकवर तर दर हातानंतर बघा.

मशीन विकत घेताना हातात धरून बघा. दोन-अडीच किलोचं वजन दुकानात काहीच वाटत नाही, दाराच्या खालच्या भागावर वाकून धरलं की कळतं. सुरुवात हळू व्हायला हवी, ट्रिगर दाबताच झटका नको. कार्बन ब्रश आणि बॅकिंग प्लेट सांगली-कोल्हापुरात मिळतात का ते आधी विचारा. ऑनलाइन स्वस्तात आणलेलं मशीन एका प्लेटसाठी महिनाभर पडून राहतं. अर्थिंग नीट तपासून घ्या, वॉशिंग सेंटरला फरशी ओली असते. आणि त्याच शेडमध्ये रंगाचं काम सुरू करणार असाल, तर सिलिकॉन असलेले पॉलिश आणि ड्रेसिंग तिथून लांब ठेवा. त्याचा अंश पत्र्यावर राहिला की रंग मारताना खळगे उठतात, पेंटर त्याला फिश आय म्हणतात, आणि तो पॅनल पुन्हा घासावा लागतो.

तुमच्या धंद्याची आणखी एक बाजू आहे, ती मला मशीनपेक्षा महत्त्वाची वाटते. ही जाळी येते कुठून? बहुतेक गाड्यांवर ती धुण्यातूनच येते. सकाळी पार्किंगमध्ये एकाच बादलीत, एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात, वॉशिंग सेंटरवर जमिनीवर पडलेला स्पंज पुन्हा बॉनेटवर फिरतो. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत गाळाने माखलेल्या गाड्या लोकांनी सुकल्यावर कापडाने पुसल्या. त्यातल्या कितीतरी गाड्यांचा रंग मशीननेही पूर्ववत झाला नाही. तुमच्याकडे धुणं आणि पॉलिशिंग दोन्ही आहे, ही मोठी सोय आहे. आधी प्रेशरने माती सैल करून खाली पाडा, मग दोन बादल्या, एक शॅम्पूची आणि एक मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) खळबळून घ्यायची, खालच्या भागाला वेगळा मिट, आणि पुसायला स्वच्छ मायक्रोफायबर. पॉलिश केलेली गाडी महिन्याला तुमच्याकडेच अशी धुतली गेली, तर पुढचं पॉलिश दोन-तीन वर्षं लागत नाही. गिऱ्हाइकाला पॉलिश विकताना हे धुणंही विका. दर सहा महिन्यांनी रबिंग मारून देतो असं सांगणाऱ्यांच्या स्पर्धेत उतरू नका. त्यांच्या गाड्या काही वर्षांत पेंटरकडे जातात.

राहिला दारावरचा ओरखडा. नख आडवं फिरवा. नख अडकलं, तर तो पॉलिशने काढण्यापलीकडे खोल आहे. रोटरी असो की डीए, मशीनने तो काढायचा म्हणजे आजूबाजूचं जवळजवळ सगळं क्लिअर काढायचं. त्याच्या कडा हलक्या पॉलिशने गोल करून घ्या म्हणजे उन्हात कमी चमकेल, पांढरं दिसत असेल तर रंग कोड बघून टच-अप भरा आणि मालकाला आधीच सांगा की हा जवळून दिसणार. त्यांना तो पूर्ण घालवायचा असेल, तर दार रंगवावं लागेल आणि ते काम त्या सांगलीच्या पेंटरकडे द्या. त्याच्या रोटरीचं खरं काम तिथेच आहे.